कढीपत्त्याचं माहेर

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून कढीपत्ता धुतला. आमची ही कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसली होती आणि मी कुंडी तिरकी धरून उभा होतो. तिला वाकता येत नव्हतं आणि मला पानाखालचं दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकत आला होता माझा. तेव्हा मी फांदी उलटी करून तिच्या नाकासमोर धरायची आणि तिने जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खवले घासायचे, अशी आमची वाटणी. दोघांत मिळून एक माळी.

खवले म्हणजे कीड. पण किडीसारखी दिसत नाही. हलत नाही, उडत नाही. तारली माशाचा खवला काडीला चिकटून वाळावा, तशी. नखाने टोकरली की खाली ओलं निघतं. काडीतला रस पीत जागच्या जागी बसलेली असते आणि मागून चिकट गोड पाणी सोडत राहते. त्या चिकटपणावर काजळी धरते, पान काळं पडतं. हे सगळं मला तिने शिकवलं. मी जहाजांच्या यार्डातला फिटर. मला लोखंडाचा गंज कळायचा, झाडाचा नाही.

"जरा अलवार धरा. वेल्डिंगचा रॉड आहे का तो?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "रॉड निदान सरळ असतो. तुझं झाड तुझ्यासारखं वाकडं."

ती हसली नाही. ब्रश बादलीत टाकला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "उद्या याला खाली नेऊ."

हे मी तिला कितीतरी वेळा सांगून बसलो होतो आणि प्रत्येक वेळी शिव्या खाल्ल्या होत्या. आता ती आपणहून म्हणत होती. का, असं विचारलं असतं तर माघार घेतली असती तिने. पण तिनेच सांगितलं. "मला आता वाकवत नाही. तुम्हाला दिसत नाही. दोघांच्या हट्टापायी ते मरायला नको." मग म्हणाली, चहा ठेवा.

हे कळायला ती काय वल्ली होती ते सांगायला हवं.

आम्ही परदेशात, यिशुन नावाच्या वस्तीत राहायचो, अकराव्या मजल्यावर. माझं गाव समुद्राकाठचं, तिचं माहेर वर डोंगरात, घाट चढून. तिचा बाप कलमं बांधणारा. लोकांच्या बागांत जाऊन आंब्याची, काजूची कलमं बांधून द्यायचा, आणि ही लहानपणी त्याच्यामागे सुतळी घेऊन हिंडायची. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, ती तेवढीही नाही. मी बोटीवरून इथे आलो, यार्डात लागलो, पुढे तिला आणलं. पहिल्या वर्षी तिला इथे करमलं नाही. दुसऱ्या वर्षी ती गावी जाऊन आली आणि पदराच्या गाठीत कढीपत्त्याच्या ताज्या बिया घेऊन आली, आईच्या परसातल्या. विमानतळावर मला काही बोलली नाही. घरी आल्यावर गाठ सोडली. त्यातली एकच बी उगवली. ते हे झाड.

ती कोणाच्याही घरी गेली की आधी माणसाकडे बघत नसे. आधी कुंडीकडे. चपला काढायच्या आधी पान उलटं करून झालेलं असायचं. लग्नाच्या बोलणीला गेलो तरी तेच. भावकीतल्या एका मुलाचं स्थळ बघायला बुकित पंजांगला गेलो होतो, तिथे तिने मुलीचं नाव विचारायच्या आधी मुलीच्या आईला विचारलं, "तुमच्या लिंबाला पाणी कोण घालतं?" त्या म्हणाल्या, कामवाली. ही म्हणाली, "मग ती सुट्टीवर आहे." परत येताना मी बडबडलो, तर म्हणते, "घरातलं झाड तहानलेलं असेल तर पोरगी कशी वाढली असेल ते विचारायला नको." लग्न झालं ते. सून चांगली निघाली. हिने ते कधी मान्य केलं नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. आधी झाड दमतं, मग कीड येते. डॉक्टरला सुद्धा सांगायची. पाय सुजायला लागले, दोन जिने चढून धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरने तिला हृदयाच्या गोळ्या लिहून दिल्या. ही त्याला म्हणाली, तुम्ही खवले खरवडताय, मुळाला पाणी कोण घालणार. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं.

धाप लागायचं कारण आमचा ब्लॉक. त्या काळी लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे. पहिला, पाचवा, नववा. नवव्याला उतरायचं आणि दोन मजले जिना चढायचा. जिना चढता चढता तिने ब्लॉकमधली सगळी झाडं पाहिली होती. इथे प्रत्येक घरासमोर कॉरिडॉरमध्ये काही ना काही लावलेलं असतंच. तमिळ घरासमोर कढीपत्ता, चिनी घरासमोर छोटी संत्री, मलाय घरासमोर पांडानची सुवासिक पानं आणि लिंबू. तिच्या ध्यानात आलं की खालच्या मजल्यांवरची झाडं स्वच्छ असतात आणि जसं वर जावं तसे खवले वाढतात. आमच्या मजल्यावर तर फांदी दिसत नसे इतके.

तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की उंची वाईट. वर वारा फार, ऊन भिंतीवर आपटून दुप्पट लागतं, कुंडी सकाळी भिजवली तरी दुपारी कोरडी. झाड दमतं. खवल्याची पिल्लं धुळीसारखी बारीक, वाऱ्यावर उडून येतात आणि दमलेलं झाड बघून बसतात. शिवाय खवले खाणारे किडे वर येत नाहीत. ते मसुरीच्या दाण्याएवढे, गोल, चकचकीत काळे. आमच्या ब्लॉकच्या मागे मोठा रेनट्री होता, त्याच्या सावलीत दुसऱ्या मजल्यापर्यंत ते दिसायचे. तिने काड्यांच्या पेटीत भरून ते वर आणून पाहिले. झाडावर सोडायची आणि समोर बसून राहायची. थोडा वेळ फिरायचे आणि कठड्यावरून खाली उडून जायचे. ती म्हणायची, "यांनाही वर करमत नाही."

मग तिने माहेर काढलं.

दुसऱ्या मजल्यावर, रेनट्रीच्या बाजूला, एक मलाय म्हातारी राहायची. सगळे तिला मकचिक म्हणायचे, म्हणजे मावशीच. नवरा नाही, पोरं लांब. तिच्या दारासमोर कायम सावली, कायम गारवा. हिने काय केलं, नवव्या मजल्यावरच्या एका तमिळ बाईचा मरायला टेकलेला कढीपत्ता उचलला आणि मकचिकच्या दाराशी नेऊन ठेवला. भाषा कुठली? हिची मराठी, तिची मलाय, आणि मधे बाजारात ऐकलेलं इंग्लिश. माहेर म्हणजे काय ते हिने हातवारे करून सांगितलं. सासरी दमलेली पोर आईकडे जाते, चार दिवस झोपते, जेवते, अंगावर मांस धरते, मग परत येते. मकचिकला पटकन कळलं. ती म्हणाली, "बालिक कांपोंग." सणाला सगळे मलाय गावी जातात त्याला तसं म्हणतात. झालं. दोघींचं जमलं.

ते झाड सुधारलं. मग दुसरं गेलं, मग रांग लागली. लोक हिच्याकडे येऊन सांगायचे, आंटी, माझं पण पाठवायचं आहे. तिचे नियम कडक. झाड माहेरी असताना मालकाने बघायला जायचं नाही. तिथे आलं-गेलं चालू राहिलं तर त्याला आराम कसला. पोचवायला हिने स्वतः जायचं आणि कधी न्यायचं ते तिथल्या तिथे मकचिकला सांगून यायचं. दोन महिने म्हणजे दोन महिने. मी एकदा म्हटलं, झाड तिथे सुखात आहे तर राहू दे की कायमचं. तर म्हणाली, "जास्त दिवस राहिलं की माहेराचं सासर होतं. मकचिकच्याही जिवाला ताप."

आणि आमचं झाड? सगळ्या ब्लॉकमधलं सगळ्यात वाईट झाड आमचं. कढीपत्ता असून आमटीला पानं तिसऱ्या मजल्यावरून मागून आणायचो. मी सांगायचो, आपलं पाठव की. मुलगा सांगायचा. तो इथेच शिकलेला, आमच्याशी अर्धं मराठी बोलतो, वर इथल्यासारखं 'लाह' लावतो. "टाकून दे लाह, मा. मार्केटमध्ये नवीन मिळतं." त्या दिवशी त्याला तिने जेवायला वाढलं नाही. वाढलं, पण ताट आपटून.

मला मात्र तिने एकदा खरं सांगितलं. तिची आई गेली, मग भावांनी ते परस विकलं. तिथे आता दगडाची खाण आहे. "याचं माहेर आईच्या परसात होतं," ती म्हणाली. "ते राहिलं नाही. दुसऱ्याच्या दाराला माहेर म्हणू का?" मी बादली उचलली आणि पाणी भरून आणलं.

म्हणजे एकीकडे सगळ्यांची झाडं खाली पोचवायची, आणि आपलं जीव जाईस्तोवर वर धरून ठेवायचं. दर वर्षी एखादी फांदी वाळायची. खोडाची साल फुटायला लागली होती. एकदा तिने उन्हापासून वाचवायला ते बाथरूममध्ये ठेवलं. आठ-दहा दिवस मी झाडासोबत आंघोळ केली. तेव्हा पिवळं पडलं. पुन्हा बाहेर आणलं, तर आणखी खवले.

माणसांशी तिचं बोलणं असं असायचं की मला सोबत असून नसल्यासारखं उभं राहावं लागायचं. बुओना व्हिस्टाला एका कॉन्डोमध्ये पुण्याच्या एका कॉम्प्युटरवाल्या साहेबांकडे सत्यनारायण होता. सतरावा की अठरावा मजला, सगळीकडे काच. लोक चांगले, बोलावलं म्हणून आम्ही गेलो. ही प्रसाद न घेता सरळ बाल्कनीत. तिथे कढीपत्ता, खवल्यांनी भरलेला, आणि कुंडीपासून फरशीवर मुंग्यांची रांग. परत आत आली आणि घरातल्या बाईंना विचारलं, "पंचामृत उरलं की कुठे ओतता?"

त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, "कुंडीतच ओततो, काकू. इथे विहीर नाही, नदी नाही. सिंकमध्ये कसं ओतणार? पायाखाली यायला नको ना."

"आणि निर्माल्य?"

"तेही तिथेच."

ही म्हणाली, "मध-साखर मुंग्यांसाठी ठेवता तुम्ही. मुंग्या या खवल्यांना गाई पाळतात तशा पाळतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर चरायला नेतात. दर पूजेला तुमचा गोठा वाढतोय."

गुरुजी पोथी बांधत होते, ते थांबले. साहेब म्हणाले, "मग करायचं काय, काकू? टाकणं तर बरं नाही."

"प्यायचं," ही म्हणाली. "ते प्यायलाच असतं. वाटीभर करा, घोटघोट सगळ्यांना द्या. तरी उरलं तर खाली जाऊन मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता. त्याला झेपतं."

सगळे हसले, गुरुजींसकट. त्या बाईंनी राग धरला नाही. पुढे फोन करून पंचामृत किती करायचं ते विचारायच्या. उरलेल्याचा प्रश्न आमच्यातल्या सगळ्या घरांत होता. कोणी सिंकमध्ये ओतेना आणि कोणाच्याही कुंडीला मुंग्या सोडेनात. फक्त बोललं कोणी नव्हतं.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. एकदा मुलाने आम्हाला सुट्टीत मलेशियात डोंगरावर नेलं, चहाचे मळे बघायला. गाडी वळणं घेत चढत होती आणि ही मागच्या सीटवर खुशीत. म्हणाली, बघा आता, अकरा मजल्यांनी ही दशा, तर इतक्या उंचीवर झाडं खवल्यांनी पांढरी झालेली असतील. वर गेलो तर अंगात स्वेटर घालायची थंडी, ढग रस्त्यावर. उतरल्या उतरल्या तिने पहिली लिंबाची फांदी उलटी केली. स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. एका हॉटेलच्या मागे संत्र्याची झाडं होती, तिथे मालक बघत असताना हिने वाकून वाकून सगळी पाहिली. कुठेतरी एखादा खवला. मुलगा फोटो काढायला बोलावत होता आणि ही तोंड पाडून उभी. त्या सहलीचे सगळे फोटो असे आहेत. मागे हिरवेगार मळे आणि पुढे ही, कोणीतरी फसवल्यासारखी.

घरी आल्यावर दोन दिवस गप्प. मला वाटलं तब्येत बिघडली. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता म्हणाली, "उंचीचा दोष नाही हो. मी उगाच तिला नावं ठेवली. तिथे थंडावा आहे, धुकं आहे, मुळं जमिनीत आहेत. झाडाला तहानच लागत नाही. आपल्याकडे तहान आहे. उंचीमुळे तहान लागते, आणि तहानेमुळे कीड. मधली पायरी मी विसरले होते."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी आदल्याच आठवड्यात घर बदलायचं बोललो होतो. डॉक्टर म्हणाले होते, जिने नकोत. पाचव्या मजल्यावरचं एक घर निघत होतं, तिथे लिफ्ट थांबायची. मी म्हटलं, चल, आता तुलाही पटलं ना, दोघं खाली जाऊ, झाडही खाली जाईल, सगळंच सुटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही मूर्खासारखं बोललो. "तुम्ही ऐकलं नाही का? उंचीचा दोष नाही. मग घर कशाला बदलायचं? मी याला पाणी जास्त घालीन."

आणि घालायला लागली. दिवसातून तीन-चारदा. बादली अर्धी भरून ओढत आणायची, दम लागला की कठड्याला धरून थांबायची. मी यार्डातून निवृत्त झालो तेव्हा बादली माझ्याकडे आली, पण पानाखालचं बघणं तिच्याचकडे राहिलं. झाडाने थोडी उभारी धरली. दोन फांद्यांना नवी पालवी आली. तिची तब्येत मात्र उतरत गेली. चप्पल पायात शिरेना. जिना चढायला अर्धा तास लागायला लागला, मधे पायरीवर बसून. बसली की जिन्यातून जाणाऱ्याला झाडाबद्दल विचारायची. म्हणून लोकांना वाटायचं, आंटी गप्पा मारायला बसल्यात. मी कोणाला खरं सांगितलं नाही. तिला ते आवडलं नसतं.

मग ती शेवटची दुपार. तिने स्वतः म्हटलं, उद्या खाली नेऊ. मी चहा ठेवला. आलं घातलं. कप घेऊन आलो तर ती खुर्चीत मान टेकून झाडाकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं डोळा लागला. कप स्टुलावर ठेवला. थोड्या वेळाने म्हटलं, अगं, गार होतोय. मग हात लावला.

अँब्युलन्स आली. त्यांची माणसं दोन जिने उतरताना धडपडली, स्ट्रेचर वळत नव्हतं. हॉस्पिटलात काय सांगितलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मुलगा फोनवर होता. गावाकडे, इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना, सगळ्यांना कळवत होता. अकरा वाजता लोक येणार होते. मी बाहेर आलो. कुंडी होती तिथेच, रात्रभर कोणी पाणी घातलं नव्हतं, माती कडेने सुटलेली. मी आतून दोर आणला. यार्डात पाइप उचलायला बांधतो तसा कुंडीला फास घातला, खांद्यावर घेतला. फांद्या भिंतीला घासू नयेत म्हणून पाठ भिंतीकडे करून उतरलो. प्रत्येक वळणावर खाली टेकवली. नवव्याला लिफ्ट. लिफ्टमध्ये एक चिनी मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, तिने सरकून जागा दिली. पहिल्याला उतरलो, परत एक जिना चढलो.

मकचिक दार उघडून बाहेर झाडत होती. झाड बघून तिने झाडू टेकवला आणि हसली. किती वर्षं वाट बघत होती ती या झाडाची. मग माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. पोचवायला नेहमी हीच यायची.

"आंटी माना?" कुठे आहे, म्हणून तिने विचारलं.

मला मलायमध्ये शब्द सापडेना. इंग्लिशमध्येही नाही. मी मान हलवली. तिने माझं तोंड पाहिलं आणि हात तोंडावर ठेवला. मग तिने आपल्या दोन कुंड्या बाजूला सारल्या आणि मधे, सगळ्यात सावलीच्या जागी, जागा केली. मी झाड तिथे ठेवलं, दोर सोडला. तिने मगभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. मी घातलं. माती पीत राहिली.

रिवाजाप्रमाणे न्यायची वेळ सांगायची होती. मकचिक वाट बघत होती. मी म्हटलं, "नेणार नाही. इथेच राहू दे." मराठीतच म्हटलं. हाताने जमीन दाखवली, झाड दाखवलं, तिचं दार दाखवलं.

तिने मान डोलावली.

मग मी दोर गुंडाळला आणि वर गेलो, लोक यायच्या आत आंघोळ करायला.